आबांच्या गाडीचं मीटर

ठार बंद पडलेली गाडी मला आवडते. तिच्यात लपवाछपवी नसते. किल्ली फिरवली, काही झालं नाही, की बॅटरीपासून सुरुवात करायची आणि वायरचा माग काढत जायचं. जेवणाच्या वेळेपर्यंत दोष हाताला लागतो. डोक्याला ताप होतो तो मधूनच बिघडणाऱ्या आणि मधूनच सुधारणाऱ्या गाड्यांचा. गिऱ्हाईक पोटतिडकीने सांगतं की रस्त्यात असं झालं, तसं झालं, आणि माझ्या दुकानासमोर उभी राहिली की तीच गाडी चारचौघांत गुणी होणाऱ्या पोरासारखी वागायला लागते. मग गिऱ्हाईक ओशाळतं, मी वैतागते, आणि गाडी मजेत गुरगुरत उभी असते.

धुळ्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. वडील बस डेपोत इलेक्ट्रिशियन होते, निवृत्तीनंतर त्यांनी ते टाकलं. मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली बसले आणि ते गेल्यावर तिथेच राहिले. अजूनही लोक दारात येऊन विचारतात, "मिस्त्री कुठे गेले?" मी म्हणते, "मीच." मग ते दुकानाच्या आत डोकावून खात्री करून घेतात. पूर्वी मला राग यायचा. आता मी त्यांना सावकाश डोकावू देते आणि मग म्हणते, "बघून झालं असेल तर बॉनेट उघडा."

आबांनी असं डोकावलं नाही. ते पहिल्यांदा आले तेव्हा सरळ आपल्या बोलीत म्हणाले, "ताई, मन्ही गाडीनं मीटर जास आन् येस." आणि मीटर मधूनच जातं नि परत येतं म्हणजे काय, ते खुर्ची ओढून नीट समजावून सांगायला बसले. आबा माझ्या नात्यातले नव्हेत. सगळेच त्यांना आबा म्हणायचे, म्हणून मीही म्हणत गेले. पाटबंधारे खात्यात त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले होते. बायको गेल्यानंतर धुळ्यातल्या घरात एकटे राहायचे. सोनगीरला त्यांचं शेत होतं, तिथे आठवड्यातून बऱ्याचदा चक्कर असायची. मुलगा जळगावला, चांगल्या नोकरीत.

आणि गाडी म्हणजे, काय सांगू, लाल रंगाची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार! जुनी, दुसऱ्या हातची, पण अंगावर एक ओरखडा नाही. निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी आबांनी ती हौसेने घेतली तेव्हा सगळ्या गल्लीने तोंडाला पदर लावला होता. एवढा सत्तरीला टेकलेला माणूस, धोतर नाही एवढंच, बाकी सगळं साधं, आणि त्या गाडीत शिरताना स्वतःची घडी घालून आत बसायचा. स्पीडब्रेकरवर खालून खर्र आवाज आला की त्यांचाच पाय चिरडल्यासारखा चेहरा करायचे. हायवेला ती गाडी ते इतकी सांभाळून चालवायचे की उसाचे ट्रक त्यांना ओव्हरटेक करून जायचे, आणि ट्रकवाले वळून वळून बघायचे.

मी एकदा चेष्टेने विचारलं होतं, "आबा, पळवायची नाही तर ही गाडी घेतली कशाला?" त्यांनी मला आत बसवलं आणि मीटर दाखवलं. काळ्या तबकड्या, पांढरे बारीक आकडे, केसाएवढे काटे. म्हणाले की एवढी स्वच्छ रेघ त्यांनी उभ्या आयुष्यात कागदावर काढली नाही. त्या काट्यांसाठी माणसाने गाडी घेतली होती, आणि नेमके तेच काटे दगा देत होते.

त्यांचं सांगणं मात्र पक्कं असायचं. "काटा पहिले थरथरतस, मंग बठ्ठा एकदम झोपी जातस. दिवाबी जातस. गाडी चालूच राहस." म्हणजे सगळेच काटे खाली, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप परत यायचं. गियर कोणता होता, ब्रेकवर पाय होता का, दिवे लावले होते का, रस्ता खडबडीत होता का, मी विचारत जायचे आणि ते विचार करून उत्तर द्यायचे. आठवत नसेल तर तसं सांगायचे, उगीच काहीतरी ठोकून द्यायचे नाहीत. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

मी बॅटरीचे टर्मिनल साफ केले. अर्थिंगच्या वायरी सोडून, घासून परत आवळल्या. फ्यूज बदलले. मीटरच्या मागचं सॉकेट काढून लावलं, वायरींचा जुडगा हाताने हलवून पाहिला, डॅशबोर्डवर बुक्क्या मारल्या. स्कॅनर लावला, तर त्याच्या मते गाडीत काहीच वाईट नव्हतं. आबा आनंदाने घेऊन गेले आणि दोन-तीन दिवसांनी पडलेल्या चेहऱ्याने परत आले. "आज परत गयं, ताई."

याच सुमारास मुलाचा फोन आला. सभ्य माणूस, उगीच आवाज चढवणारा नाही. त्याचं म्हणणं असं होतं की आबा हल्ली विसरतात. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, आबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले, शेजारणीला वास आला म्हणून बरं. एकदा बायपासला चुकून भलत्याच रस्त्याला लागले आणि पारोळ्याजवळ थांबून त्यांनी फोन केला. त्यात हे मीटरचं. मुलगा दर रविवारी यायचा, शेजारी बसून सोनगीरपर्यंत जायचा, आणि मीटर कधीच गेलं नव्हतं. "ताई, ते रस्त्याकडे बघायचं सोडून मीटरकडे बघत बसतात. नसलेलं काहीतरी दिसतंय त्यांना. मला त्यांना इकडे जळगावला आणायचंय. एकट्याने गाडी चालवणं तर बंदच करायला पाहिजे. पण गाडीत खरंच दोष निघाला, तर मी काही बोलणार नाही. राहू देत तिकडे. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

आजवर माझ्या हातावर लोकांच्या गाड्या अवलंबून असायच्या. एखाद्याचं घर, किल्ली आणि शहाणपण कधी अवलंबून नव्हतं. मुलाने आबांना त्या फोनचं सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात येऊन म्हणाले, "तुले काय वाटस ताई, माले याड लागेल शे का?" आणि हसले. मी पण हसले. त्या हसण्याला काही अर्थ नव्हता.

मग मी त्यांच्याबरोबर गाडीत बसून जायला लागले. उन्हाळा होता, धुळ्याचा उन्हाळा, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही असा. मी बसले रे बसले की आबा दोन्ही काचा वर करायचे, एसी लावायचे आणि मधली जाळी माझ्याकडे वळवायचे. "हवा लागी राहिनी का ताई?" मी हो म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. मग आम्ही सोनगीरला जायचो, किल्ल्याच्या खालच्या बाजूला रसवंतीवर रस प्यायचो आणि परत यायचो. जाताना आबांचे डोळे रस्त्यावर कमी आणि मीटरवर जास्त. मुलगा म्हणाला ते खरंच होतं. पण ते त्या काट्यांना अक्षरशः विनवत असायचे, की बाबांनो, आज एकदा पडा, ही बाई शेजारी बसली आहे तेवढ्यात पडा. मी नवस-सायास करणाऱ्यातली नाही, पण एखादी गाडी बिघडावी म्हणून मी मनातल्या मनात किती जणांचे पाय धरले ते माझं मला माहीत. काटे मात्र ठाम. सोनगीर आलं, गेलं, धुळे आलं, काटे आपले जागच्या जागी.

उन्हाचा संशय मला आला नव्हता असं नाही. दुकानासमोर दिवसभर गाडी रणरणत्या उन्हात उभी केली. दुपारी ती भट्टीसारखी तापली तेव्हा सुरू करून आत बसायला गेले, तर आबा आधीच तिथे हजर. "अशी भट्टीमा बठस का कोनी?" म्हणत त्यांनी एसी लावला, दार उघडं धरून आतली गरम हवा जाऊ दिली आणि मग मला बसू दिलं. आम्ही बराच वेळ बसलो. मीटर झकास चाललं. मी मनातल्या यादीतून ऊन खोडून टाकलं.

मग मी एक युक्ती केली. मीटरला येणाऱ्या करंटच्या वायरीला एक आणि अर्थिंगला एक, असे दोन चिमुकले दिवे जोडून काचेशेजारी चिकटवले. मीटर जाईल तेव्हा दिवे जळत असतील तर करंट पोचतोय आणि दोष मीटरच्या पोटात आहे. दिवे विझले तर दोष वायरीत. हे मी आबांना समजावलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते कागदावर काढूनच दाखवलं. दोन दिवसांनी फोन आला, आवाजात उत्साह मावत नव्हता: "मीटर गयं ताई! दोन्ही दिवा जळी राहिनथात!"

त्या क्षणी माझी खात्री पटली. भास होणारा माणूस मीटर गेल्याचं सांगेल, पण दिवे जळत राहिल्याचं सांगणार नाही. तो दोन्ही विझले म्हणेल. मी लगेच मुलाला फोन केला, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण ताई, दिवे जळत होते हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आबांनी, मी म्हटलं. "तुम्ही पाहिलंत?" नव्हतं पाहिलं. राग आला मला त्याचा, पण त्याच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. आबांना मी फोनवर व्हिडिओ काढायला सांगितलं, तोही त्यांनी इमानेइतबारे काढला. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचा अंगठा होता.

राहिलं मीटर उघडणं. ते मी केलं नाही. असं मीटर आपल्याकडे मिळत नाही, काटे काढून परत बसवताना एखादा जरी वाकला तर संपलं, आणि चालत्या मीटरला हात लावायचा नाही ही वडिलांची शिकवण माझ्या अंगात भिनलेली. आबाही नको म्हणाले. आधी दोष दिसू दे, मग उघड. आता वाटतं, काय व्हायचं ते झालं असतं. एखादा काटा वाकला असता तर वाकला असता.

मग पाऊस सुरू झाला. मुलाने आबांना जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या, झोपताना घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि मीटर जायचं थांबलं. मुलाचा फोन आला, बिचारा खरंच खूश होता. "ताई, गोळ्या लागू पडल्या. महिना झाला, आबा मीटरचं नावच काढत नाहीत." मी म्हटलं, पावसाने गाडी थंड झाली असेल. तो म्हणाला, पण उन्हात उभी करून तुम्हीच तर पाहिली होती ना? मीच खोडलेलं होतं ते.

थंडीत आबा दुकानात यायचे कमी झाले. एकदा पेट्रोल पंपावर भेटले. मी विचारलं, "मीटर काय म्हणतंय?" ते जरा कावरेबावरे झाले. "नही ताई, ते मन्हंच काहीतरी व्हतं. उगीच तुले तरास." मला बरं वाटलं नाही, पण खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने ते दोन चिमुकले दिवे काढून मला परत दिले. वायरी नीट गुंडाळून, वर रबरबँड लावून.

पुढचा उन्हाळा लागला. आबा एकदाही आले नाहीत. मी समजले की गाडी बरी आहे. आता कळतं की त्या उन्हाळ्यातही काटे पडतच असणार, आणि आबा ते बघत, कुणाला काही न सांगता, तसेच गाडी चालवत सोनगीरला जात असणार. डोळ्यांसमोर एक दिसतंय आणि सगळे म्हणतात की दिसत नाही. माणसाने किती दिवस भांडायचं? हा विचार आला की मला अजूनही हातातलं काम सुचत नाही.

वैशाखात मुलगा स्वतः दुकानात आला. आबांना जळगावला नेलं होतं, धुळ्याचं घर बंद केलं होतं. म्हणाला, आबा एकदाच म्हणाले येतो, काही वाद घातला नाही. गाडी विकायची होती. "तुम्ही जरा बघून घ्या, धुऊनपुसून ठेवा, कुणी घेणारा असला तर सांगा." त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. त्या किल्लीला आबांनी बांधलेला जाड दोरा होता, खिशातून पटकन सापडावी म्हणून.

गाडी विकायला काढायची तर एकदा चालवून बघायला हवी, म्हणून मी दुपारी तिला बाहेर काढलं आणि सवयीने सोनगीरचाच रस्ता धरला. पहिल्यांदाच मी त्या गाडीत एकटी होते. ती आबांजवळ असताना त्यांनी दुसऱ्या कुणाला चालवू दिली नव्हती. काचा खाली केल्या, डोक्याला रुमाल बांधला, आणि निघाले. हवा अशी की तोंडावर कुणी तापलेला तवा धरावा. फागण्याकडून येणाऱ्या ट्रकांच्या धुळीतून, उड्डाणपुलावरून, नगावच्या पुढे. सोनगीरचा किल्ला लांबून दिसायला लागला आणि काटे थरथरले.

आधी मला वाटलं रस्ता खराब आहे. मग सगळे काटे एकदम खाली झोपले. दिवे गेले. तबकड्या काळ्या ठिक्कर. गाडी मात्र चाललेली, जशीच्या तशी, आबांनी सांगितलं होतं अगदी तशी.

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. आज नवीन काय घडलं होतं? तीच गाडी, तोच रस्ता, तीच दुपार. मी एकटी होते एवढंच. आणि एकटी होते म्हणून एसी लावला नव्हता. मी कधीच लावत नाही. गिऱ्हाइकाची गाडी असो, भावाची असो, एकटीसाठी एसी लावायचा हे आम्हाला सुचतच नाही. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करणाऱ्या घरात आम्ही वाढलो. एसी असतो तो शेजारी बसलेल्या माणसासाठी. पाहुणा बसला की काचा वर, एसी सुरू, जाळी त्याच्या तोंडावर. पाहुणा उतरला की काचा खाली. आबाही तसेच, सोनगीरला एकटे जाताना घामाने निथळत जाणारे. माझ्यासाठी त्यांनी एसी लावला, मुलासाठी लावला, प्रत्येक वेळी, प्रत्येक माणसासाठी. आणि ती गार हवा डॅशबोर्डच्या आतून मीटरच्या पाठीवरून जात होती. ज्याने ज्याने शेजारी बसून मीटर बघितलं, त्याला ते ठणठणीत दिसलं. आबांनी आमची सरबराई केली आणि आम्ही त्यांना खोटं ठरवलं.

मी एसीचं बटण दाबलं, काचा वर केल्या. बसून राहिले. थोड्या वेळाने काटे थरथरत उठले. एसी बंद केला, काचा खाली, आणखी थोडं पुढे गेले, काटे पडले. परत लावला, परत उठले. एवढं सोपं होतं. मी आबांना शंभर गोष्टी विचारल्या होत्या, गियर विचारला होता, ब्रेक विचारला होता. एकटे असताना एसी लावता का, हे विचारलं नाही, कारण तो प्रश्न आहे हेच मला माहीत नव्हतं. रस्त्याच्या कडेला बसून मी मोठ्याने रडले. एक ट्रकवाला थांबून विचारून गेला की गाडी बंद पडली का. मी म्हटलं, नाही, चालू आहे.

दुकानात येऊन मी मीटर उतरवलं आणि या वेळी उघडलंच. भिंगाखाली धरल्यावर दिसलं. एका पार्टच्या पायाभोवती सोल्डरला बारीक गोल चीर, डोळ्याला न दिसणारी. बाहेरून ऊन आणि आतून करंटची स्वतःची उष्णता, दोन्ही एकत्र झाली की चीर उघडणार, गार हवा लागली की मिटणार. नुसत्या उन्हाने ते होत नव्हतं, नुसतं चालवूनही नाही. एक थेंब सोल्डर लावायचं काम होतं. मी ते लावलं नाही. मीटर तसंच परत बसवलं, कारण मला ते आधी जळगावला न्यायचं होतं.

मुलाला फोन केला. त्याने सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं. मग म्हणाला, "घेऊन या." आणि थोड्या वेळाने, "आबांना सांगू नका आत्ताच. समोरच दाखवू."

मी सकाळचं काम आटोपून निघाले, ऊन चांगलं चढू दिलं. पारोळा, एरंडोल, काचा खाली, रुमाल डोक्याला. एरंडोलच्या पुढे काटे पडले आणि पडलेलेच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी बिघडलेली गाडी एवढ्या आनंदाने चालवत होते. डोक्यात सगळं ठरवून झालं होतं. आबा कसे बघतील, मुलाला काय म्हणतील, मला काय म्हणतील. कदाचित धुळ्याचं घर परत उघडेल. कदाचित किल्ली परत त्यांच्या खिशात जाईल. मी रस्ताभर हसत होते.

मुलाच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये आबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, वॉचमनच्या शेजारी. शर्टाची सगळी बटणं लावलेली, केस नीट विंचरलेले. वाळले होते. मला बघून उठले. "गाडी लई उनी का ताई?" "हो, घेऊन आले," मी म्हटलं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. तापलं होतं, तरी हात काढला नाही.

मी इंजिन चालू ठेवून उतरले. मुलगा खाली आला, वाकून आत डोकावला. मीटर काळं ठिक्कर. तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने आत हात घालून त्या तबकडीच्या काचेवरून बोट फिरवलं, आंधळ्याने फिरवावं तसं. उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "आबा, बसा आत," तो म्हणाला. "बघा. तुमचं खरं होतं. चुकलो मी."

आबांनी स्वतःची घडी घातली आणि ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले. मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघं वाकून त्यांच्या तोंडाकडे बघतोय. त्यांनी मीटरकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या. पोराला फळ्यावरचं उत्तर येत नसलं की ते मास्तरच्या तोंडाकडे बघतं, तसं.

"चालू शे," ते म्हणाले. "बठ्ठं चालू शे."

मुलगा हळूच म्हणाला, "नाही आबा, बंद आहे. नीट बघा ना. बंद पडलंय."

"हां," आबांनी लगेच मान हलवली. "बंद शे. बंदच शे." आणि मुलाच्या हातावर हात ठेवून, अगदी हळू आवाजात, मला ऐकू जाणार नाही असं वाटून त्यांनी विचारलं, "आते बरोबर सांगं ना मी?"